सोन्या, मादाम तुसाँ राहू दे, बागा बघ

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद.

तुझी लंडनमध्ये बघायच्या जागांची लिस्ट मिळाली. लंडन आय, मादाम तुसाँ, टॉवर ब्रिज, हॅरी पॉटरचा स्टुडिओ, आणि सगळ्यात खाली "वेळ उरला तर एखादं पार्क". फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, दोन वाक्यं झाली की "बरं आई ठेवतो, मीटिंग आहे", म्हणून आता ताई आणि तिची छोटी दोघी झोपल्यात तोवर बसून टाइप करतेय. ती लिस्ट आधी उलटी कर. मेणाचे पुतळे लोणावळ्यालाही आहेत.

तू विचारत असतोस ना की आई दिवसभर करतेस काय. तर छोटीचं तेल-मालिश-आंघोळ झालं, ताईच्या पोटात चार घास गेले, की मी प्रॅम घेऊन बाहेर. ताईच्या या हौन्स्लोला, विमानतळाच्या जवळ, डोक्यावरून विमानं इतकी खाली जातात की चाकं मोजता येतात, आणि तरी ही पोरगी बागेत शिरल्याबरोबर झोपते. सुरुवातीला कोपऱ्यावरच्या छोट्या पार्कातच जायचे, मग धीर वाढला, बसचे नंबर पाठ झाले, जावयांनी लायब्ररीतून इथल्या इतिहासाची पुस्तकं आणून दिली, आणि एवढी वर्षं पोरांना इतिहास शिकवलेल्या बाईला अजून काय पाहिजे सांग.

हाइड पार्कला तर आपल्या इथून पिकॅडिली लाइन थेट जाते, बदलायची भानगड नाही. उतरलास की आधी वर बघ. पोपट! आपलेच, लाल चोचीचे, गळ्याला पट्टा असलेले, तसाच कलकलाट करत थवाच्या थवा जातो. पाळलेले कधीतरी सुटले, इथली थंडी त्यांना मानवली आणि आता हजारोंनी झालेत, केन्सिंग्टन गार्डन्सच्या बाजूला तर लोकांच्या हातावर येऊन बसतात, (खायला घालू नका अशा पाट्या आहेत, लोक घालतात, आपल्याकडेही आणि इथेही.) मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की मी त्यांच्याशी मराठीत बोलले, शेजारच्या बाकावरची बाई बघतच राहिली.

आता इतिहास, कंटाळू नकोस. हाइड पार्क आधी मठाची जमीन, वेस्टमिन्स्टरच्या साधूंची. आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये ती घेतली, कशासाठी तर शिकारीसाठी. लंडनच्या बऱ्याच मोठ्या बागा अशाच, राजाची शिकार म्हणून कुंपण पडलं आणि कुंपण पडलं म्हणून घरं झाली नाहीत. पुढे पहिल्या चार्ल्सने १६३७ च्या सुमारास हाइड पार्क लोकांना खुलं केलं. पण गंमत बघ, त्याच चार्ल्सने त्याच सुमारास रिचमंडला लोकांची शेतं, गायरानं, रस्ते सगळं आत घेऊन कित्येक मैलांची विटांची भिंत बांधली, हरणं पाळायला. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने घेतलं. लोक फार चिडले तेव्हा भिंतीत दरवाजे ठेवले आणि जायची-यायची वाट चालू ठेवली.

हे रिचमंड पार्क तू बघायचंच. हौन्स्लोहून एच ३७ नंबरची बस रिचमंडला जाते, तिथून ३७१ किंवा ६५ पकडून पीटरशॅमला उतरायचं. जवळजवळ अडीच हजार एकर आहे, आपल्या मनात पार्क म्हटलं की जे येतं ना, गुलाबाचे वाफे आणि गवतावर चालू नये, त्यातलं काही नाही. नुसतं माळरान, जुने ओक, कंबरेएवढी फर्न, आणि सहाशेच्या वर मोकळी हरणं. तू येशील तेव्हा त्यांचा माजाचा हंगाम संपत आला असेल, नर अजून डरकाळ्या फोडत असतील, आवाज ऐकलास तर हरणाचा आहे असं वाटणारच नाही. पन्नास मीटर लांब राहायचं, सेल्फी काढायला पुढे जायचं नाही, सूनबाईंना पण सांग. (कुत्रा हरणांच्या मागे धावतोय आणि मालक बोंबलतोय फेंटन फेंटन, तो जुना व्हिडिओ तूच मला दाखवला होतास, तो इथलाच.)

पण मला तुला सांगायचंय ते जॉन लुइसचं. हा इथला एक बिअर बनवणारा, ब्रुअरी होती त्याची. झालं असं की १७५१ मध्ये राजाची मुलगी अमेलिया या पार्कची रेंजर, म्हणजे कारभार बघणारी, झाली आणि तिने सरळ लोकांना बंदी केली, तिच्या ओळखीचे आणि पासवाले तेवढेच आत. चार्ल्सच्या काळापासून चालू असलेली वाट बंद. लोकांनी अर्ज केले, काही नाही. मग हा लुइस एक दिवस गेटवर गेला, पुढे एक घोडागाडी पास दाखवून आत शिरत होती, तिच्या मागोमाग हा. गेटवरची बाई म्हणाली तिकीट कुठाय, हा म्हणाला तिकीट कशाला, इथून कोणालाही जाता येतं. तिने दार लावून घेतलं. त्याला तेवढंच पाहिजे होतं! गेला कोर्टात. राजाच्या मुलीविरुद्ध म्हणजे काय हे लक्षात घे, आणि १७५८ साली जिंकला.

कोर्टाने विचारलं तुला दरवाजा पाहिजे का भिंतीवरून शिडी. तो म्हणाला शिडी. का, तर दरवाजा म्हटला की हरणं बाहेर जातील म्हणून तो बंद ठेवणार, बंद दिसला की नवखा माणूस परत जाणार, पुन्हा तेच. शिडीला कुलूप लागत नाही. काय डोकं बघ! मग त्यांनी शिड्या लावल्या पण मुद्दाम पायऱ्या इतक्या लांब लांब ठेवल्या की धडधाकट माणसालाच चढता यावं. हा परत कोर्टात. न्यायाधीश फॉस्टर म्हातारे होते, ते म्हणाले की मी स्वतः बघितलंय, आणि शिडी अशी करा की पोरं आणि म्हाताऱ्या बायकाच नाही तर म्हातारे पुरुषसुद्धा चढले पाहिजेत. मी हे वाचलं तेव्हा प्रॅम थांबवून हसले, कारण माझे गुडघे तुला माहीतच आहेत. अमेलियाने काही वर्षांत पद सोडलं. लुइसची ब्रुअरी पुढे थेम्सच्या पुरात बुडाली, म्हातारपणी पैशाची ओढाताण झाली, तेव्हा त्याच्यासाठी वर्षासन जमवून दिलं गेलं.

रिचमंड पार्कातच किंग हेन्रीज माउंड नावाचा उंचवटा आहे, तिथे झुडपांमधून एक खिडकीसारखी फट कापून ठेवलीय आणि त्यातून दहा मैलांवरचा सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट दिसतो. दुर्बीण ठेवलीय, फुकट. हा नजारा झाकेल अशी बिल्डिंग मध्ये बांधता येत नाही, नियमच आहे. असे लंडनमध्ये बरेच नजारे राखून ठेवलेत, त्यातला एक उत्तर लंडनमधल्या हॅम्पस्टेड हीथ नावाच्या मोठ्या मोकळ्या माळावरच्या पार्लमेंट हिलवरूनही आहे. तुझे बिल्डर मित्र असतील त्यांना सांग, रडतील.

हॅम्पस्टेड हीथ लांब पडतं आपल्याला, एक अख्खा दिवस ठेव. तिथली गोष्ट जास्त रटाळ आहे पण तुझ्या कामाची आहे. सर थॉमस मेरियन विल्सन नावाचा जमीनदार, त्याला तिथे घरं बांधायची होती, पण बापाच्या मृत्युपत्राप्रमाणे त्याला ते करता येईना, म्हणून १८२९ पासून तो पार्लमेंटमध्ये बिलावर बिल आणत राहिला आणि दर वेळेला लोक ते पाडत राहिले. चाळीस वर्षं! तो १८६९ मध्ये वारला, मग त्याच्या भावाने जमीन विकायचा व्यवहार केला आणि १८७१ मध्ये कायदा होऊन हीथ लोकांचं झालं. आता खरं सांगायचं तर भांडणारे सगळे काही गोरगरीब नव्हते हां, त्यात आजूबाजूचे बंगलेवाले पुष्कळ, बँकर वगैरे, त्यांना स्वतःच्या खिडकीतून हिरवं दिसायला हवं होतं. त्यांचा स्वार्थ आणि सगळ्यांचा फायदा एकाच बाजूला आला म्हणून जमलं, असं माझं मत. तुमच्या त्या पुण्यातल्या वेताळ टेकडी वाचवायच्या ग्रुपमध्ये पण सोसायटीवाल्यांना नावं ठेवत बसू नका, येतायत तर येऊ द्या.

हीथवर केनवुड हाउस आहे, आत रेम्ब्रांटने स्वतःचंच काढलेलं चित्र आहे, मोठं, म्हातारपणीचं, तिकीट नाही. बाहेर तळी आहेत, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, एक दोघांचं, आणि माझ्याहून मोठ्या बायका त्या गार पाण्यात उतरतात. मी नाही उतरले.

गरिबांनी मिळवलेली बाग बघायची असेल तर पूर्वेला व्हिक्टोरिया पार्क. त्या भागात गिरण्या, गोदी, धूर, रोगराई, श्वास घ्यायला जागा नाही, तर १८४० मध्ये तीस हजार लोकांनी सह्या करून राणीला अर्ज दिला आणि १८४५ ला बाग उघडली. तिथे मी एकदाच गेले, पाऊस लागला, फार बघता आलं नाही.

प्रिमरोज हिलवर मात्र दोघांनी जायचं म्हणजे जायचं. छोटीशी टेकडी आहे रिजंट्स पार्कच्या मागे, तुला चढायला दहा मिनिटं पण नकोत, वरून सगळं लंडन दिसतं. ती जमीन ईटन कॉलेजची, १८४१-४२ मध्ये सरकारने घेऊन खुली केली. आणि खाली थोडं चाललं की १०, किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते तेव्हा तिथे राहायचे. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं. जाताना वेळा बघून जा. मी छोटीला घेऊन गेले होते, आमच्या आधी अमरावतीकडचं एक कुटुंब आलं होतं, बोलता बोलता आम्ही सगळे मिळून टेकडीवर गेलो आणि त्यांनी डब्यातल्या शेंगदाण्याच्या पोळ्या काढल्या. बाबासाहेब एवढा अभ्यास करायचे, त्यातून उठून कधी त्या टेकडीवर गेले असतील का हे माझ्या डोक्यात राहिलं, पुस्तकात कुठे काही मिळालं तर तूही बघ.

बाकीचं पटापट सांगते. सेंट जेम्स पार्कात पेलिकन आहेत, १६६४ मध्ये रशियाच्या राजदूताने पहिले पेलिकन राजाला भेट दिले तेव्हापासून, दुपारी अडीचला त्यांना मासे घालतात, ते बघ. हीच बाग कॅरोलाइन राणीला बंद करून फक्त राजवाड्यासाठी ठेवायची होती, तिने वॉलपोल पंतप्रधानाला विचारलं खर्च किती येईल, तो म्हणाला फक्त तीन मुकुट. म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तिन्ही जातील. त्याच्या मुलानेच लिहून ठेवलंय. क्यू गार्डन्सला तिकीट आहे आणि चांगलंच आहे, काचेचं पाम हाउस १८४८ चं, आत शिरलं की कोकणातल्या मे महिन्यासारखं चष्म्यावर धुकं आणि समोर केळी! पौंड मोजून केळीचं झाड बघितलं हे आपल्या रत्नागिरीच्या मामाला कळवू नकोस.

आणि सगळंच छान छान आहे असं समजू नकोस. केन्सिंग्टन, नॉटिंग हिलकडे चौकाचौकात सुंदर बागा आहेत आणि त्यांना कुलूप. आजूबाजूच्या घरांकडेच चावी. मी प्रॅम घेऊन जाळीतून बघत उभी, आत बाकं रिकामी. आपल्याकडे निदान दुपारी बागेला कुलूप लागतं ते सगळ्यांना सारखंच लागतं.

परवा तू ताईला म्हणालास म्हणे की वेताळ टेकडीच्या मीटिंगला आता सात-आठ जणच येतात, सोडून द्यावंसं वाटतं. मला सांगितलं नाहीस, तिला सांगितलंस. मी काही उपदेश करत नाही. फक्त रिचमंडला गेलास की शीन गेटवर जा, लुइसचं भांडण झालं ते तिथे, जावयांना सगळी गोष्ट माहितीये पण तू त्यांना सांग, त्यांना तेच तेच ऐकायची सवय झालीये माझ्यामुळे.

आता कामाचं. बूट चांगले घाल, ते पांढरे नकोत, चिखल असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळ तासाने मागे जातं, मग पाचच्या आत काळोख, म्हणून बागा सकाळी आणि तुझं लंडन आय वगैरे संध्याकाळी. टॉयलेट बागेतल्या कॅफेजवळ असतात, सूनबाईंना आधीच सांग. छत्री आणू नकोस, वाऱ्याने उलटी होते, टोपीवालं जॅकेट आण. गोडा मसाला अर्धा किलो, मेतकूट, आणि ताईसाठी डिंक, तो चितळेंच्या शेजारच्या दुकानातूनच घे, दुसरीकडचा कडू निघतो. बॅगेत चकली वर ठेव, डिंक खाली.

छोटी उठली. बाकीचं आलास की.

तुझी,
आई