सर्वांत हळू कोण चालते? : बोलोन्याच्या ताईंना नाशिकच्या अकरा प्रवाशांचे आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही इटलीच्या रेल्वेप्रवासाचा आमचा आराखडा आपल्याला पाठवला, तेव्हा त्यात १३ रात्री आणि ९ गावे होती. मिलान, व्हेरोना, व्हेनिस, बोलोन्या, फ्लोरेन्स, सिएना, आसिसी, ऑर्व्हिएतो आणि रोम. एका प्रवास कंपनीच्या पत्रकावरून आणि थोड्या आमच्या हौसेतून तो तयार झाला होता. आपली आणि आमची ओळख नव्हती. माझ्या मावसबहिणीच्या शेजारणीची भाची गेली कित्येक वर्षे बोलोन्यात राहते, एवढाच धागा होता. आपले उत्तर दुसऱ्या दिवशी आले आणि त्यात एकच प्रश्न होता: "तुमच्यापैकी सर्वांत हळू कोण चालते?"

आमच्यात सर्वांत हळू अण्णा चालतात. वय ७४, उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, डावा गुडघा त्याच वाटेवर. जिना चढताना ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतात आणि कोणी हात पुढे केला तर तो नम्रपणे बाजूला सारतात. आम्ही हे सगळे आपल्याला सविस्तर कळवले, आणि त्यानंतर जो आराखडा आपण आमच्याकडून करून घेतला, तो पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अण्णांच्या पायांनी आखलेला होता. हे पत्र सर्वांसमोर लिहिण्याचे कारण एवढेच, की आपण आमच्याकडून काहीही स्वीकारले नाही, बोलोन्यात भेटल्यावर आणलेली पैठणीची पर्ससुद्धा आपण आग्रहाने परत केली, आणि उपकार कोणाचे ते जाहीरपणे सांगण्याखेरीज आमच्या हातात दुसरे काही उरले नाही.

सर्वप्रथम आपण मुक्काम कमी केले. नऊ गावे म्हणजे नऊ वेळा सामान बांधणे, आणि अकरा माणसांच्या अकरा मोठ्या बॅगा नऊ वेळा गाडीत चढवणे, असे आपण फोनवर शांतपणे मोजून दाखवले. त्याऐवजी बोलोन्यात ५, फ्लोरेन्समध्ये ४ आणि रोममध्ये ४ रात्री, आणि बाकीची गावे हातात फक्त पाण्याची बाटली घेऊन सकाळी जाऊन संध्याकाळी परत, अशी रचना आपण सुचवली. बोलोन्याहून फेरारा अर्ध्या तासावर आहे, राव्हेन्ना सव्वा तासाच्या आसपास आहे आणि व्हेनिसही एका दिवसात होते, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. ज्या गावी लहान स्टेशन असते तिथे सामान ठेवण्याची सोय बहुधा नसते, म्हणून वाटेत उतरून गाव पाहू आणि पुढे जाऊ ही आमची लाडकी कल्पना आपण पहिल्याच फोनमध्ये मोडीत काढली. व्हिसाच्या अर्जातही तीन हॉटेलांची कागदपत्रे जोडणे किती सोपे गेले, ते अर्ज भरणाऱ्या आमच्या सुनेला विचारावे.

सिएना आणि आसिसी वगळताना मात्र आमच्यात नाराजी झाली, हे मी लपवणार नाही. आसिसीचे स्टेशन खाली सपाटीवर आहे आणि जुने गाव काही किलोमीटर लांब डोंगराच्या कुशीत. सिएनाचे स्टेशनही गावाच्या पायथ्याशी. "इटलीत गाव निवडण्याआधी त्याचे स्टेशन कुठे आहे ते बघा," हे आपले वाक्य त्या वेळी काही जणांना रुक्ष वाटले. सिएनाऐवजी आपण लुक्का सुचवले. लुक्काचे स्टेशन गावाभोवतीच्या जुन्या तटबंदीला जवळजवळ लागूनच आहे, आणि तो तट म्हणजे सुमारे चार किलोमीटरचा रुंद, सपाट, दोन्ही बाजूंनी झाडे असलेला रस्ता, ज्यावर लोक सायकली चालवतात आणि म्हातारी माणसे बाकांवर बसतात. अण्णांनी त्या तटावर पूर्ण फेरी मारली. मध्ये सात वेळा बसले, पण फेरी पूर्ण केली, आणि त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी प्रत्येक बाकाचे वर्णन केले. सिएनाचे नाव त्यानंतर कोणी काढले नाही.

गाडी ओळखण्याची जी शिकवणी आपण दोन रविवार घेतली, तिच्याबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण तिच्याशिवाय आम्ही पहिल्याच दिवशी हरवलो असतो. मी नोकरीत असताना १९ वर्षे पंचवटी एक्सप्रेसचा पास काढून नाशिकरोडहून मुंबईला गेले आहे, त्यामुळे रेल्वे मला समजते असा माझा विश्वास होता. आपण सांगितले, की फलकावर तुमच्या गावाचे नाव शोधू नका, गाडीचे शेवटचे स्टेशन शोधा. फेराराला जायचे तर फलकावर व्हेनिस सांता लुचिया लिहिलेले असेल. फ्लोरेन्सहून लुक्काला जायचे तर व्हियारेज्जो. रोमहून ऑर्व्हिएतोला जायचे तर फ्लोरेन्स. नाशिकरोडला कल्याणचा प्रवासी मुंबईची गाडी पाहतो, अगदी तसेच, असे आपण म्हणालात तेव्हा आमच्या सगळ्यांच्या डोक्यात ते एकदम बसले. स्टेशनवर लावलेले पिवळे कागद सुटणाऱ्या गाड्यांचे आणि पांढरे येणाऱ्यांचे, हेही आपलेच शिक्षण. 'बिनारियो' म्हणजे फलाट, 'रितार्दो' म्हणजे उशीर, 'शोपेरो' म्हणजे संप. हे तीन शब्द आम्ही विमानात पाठ करत होतो.

तिकिटांचे दोन प्रकार आपण जसे समजावले, तसे कोणत्याही पुस्तकात मला आढळले नाही. प्रादेशिक गाड्यांचे भाडे ठरलेले असते, ते आज काढा किंवा महिन्याआधी काढा, म्हणून त्यांची घाई करायची नाही. फक्त कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी स्टेशनवरच्या छोट्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. जलद गाड्यांचे मात्र उलट: जागा राखीव, आणि तारीख जवळ येईल तसे भाडे सहसा चढत जाते, म्हणून ती तिकिटे आम्ही नाशिकमध्ये बसूनच काढली. अपवाद फक्त पहिल्या दिवसाचा. विमान मिलानला किती वाजता उतरेल याची खात्री नसते आणि सर्वांत स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीलाच बांधलेले असते, त्यामुळे त्या एका टप्प्याला बदलता येणारे महाग तिकीट घ्या, असे आपण बजावले होते. आमचे विमान सव्वादोन तास उशिरा उतरले. मिलानच्या मुख्य स्टेशनवर अकरा थकलेली माणसे खिडकीसमोर उभी होती, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर चिंता नव्हती.

बोलोन्याच्या स्टेशनबद्दलही आपण सावध केले होते. जलद गाड्यांचे १६ ते १९ हे फलाट जमिनीखाली खोल आहेत, २०१३ मध्ये ते सुरू झाले, आणि तिथून वर येईपर्यंत इतका वेळ जातो की दहा मिनिटांत गाडी बदलण्याचे स्वप्न पाहू नये. काही फलाटांच्या क्रमांकापुढे 'ओव्हेस्त', म्हणजे पश्चिम, असे लिहिलेले असते. ते न वाचता नुसत्या ३ क्रमांकावर उभे राहिले तर ३ ओव्हेस्तची गाडी निघून जाते. आणि याच स्टेशनबद्दल आपण एक गोष्ट अशी सांगितली, जिचा प्रवासाच्या सोयीशी काही संबंध नव्हता. पहिली गाडी पकडण्यापूर्वी प्रतीक्षालयात पाच मिनिटे थांबा, एवढेच आपण लिहिले होते.

आम्ही थांबलो. २ ऑगस्ट १९८० रोजी सकाळी १० वाजून २५ मिनिटांनी तिथे बॉम्बस्फोट झाला आणि ८५ माणसे मेली. सुट्टीचे दिवस होते, लोक गाड्यांची वाट पाहत बसले होते. भिंतीवर त्यांची नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे वय आहे; काही वये एका अंकाची आहेत. बाहेरच्या बाजूचे घड्याळ १०:२५ वरच थांबवलेले आहे. आमच्या गटातील एका वहिनींचे बंधू ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये होते, ते वाचले. वहिनी त्या भिंतीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळी नावे, उच्चार जमेल तसे, हलक्या आवाजात वाचली. आमची फेराराची गाडी चुकली. कोणालाही वाईट वाटले नाही. तासाभरात दुसरी होती. ताई, इतकी वर्षे त्या गावात राहून तिथले दुःख आपण आपले मानले आहे, हे आम्हांला त्या पाच मिनिटांत समजले.

राव्हेन्नाचा दिवस शुक्रवारचा होता आणि त्याच दिवशी रेल्वेचा संप जाहीर झाला. आदल्या आठवड्यातच आपला निरोप आला होता. संपाच्या दिवशीसुद्धा कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या धावतात, त्यामुळे बेत रद्द करू नका, सात वाजता निघा आणि सहानंतर परत या. आम्ही तसेच केले. परिणामी राव्हेन्नात आम्हांला पूर्ण दिवस मिळाला, जो आमच्या आराखड्यात कधीच नव्हता. गाला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाने ओळखली जाणारी पाचव्या शतकातली ती छोटी वास्तू बाहेरून साध्या विटांची दिसते. आत गेल्यावर डोळे सरावायला क्षणभर लागतो, आणि मग गडद निळे छत आणि त्यावरचे सोनेरी तारे हळूहळू उमटू लागतात, कारण उजेड येतो तो अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाच्या पातळ पाटीतून, मधाच्या रंगाचा. आत फार वेळ थांबू देत नाहीत. सॅन व्हिताले या ५४७ मध्ये अर्पण केलेल्या चर्चमध्ये मात्र आम्ही तासभर बसलो. इटालियन महाकवी दान्तेची समाधी पाहून आम्ही एका चौकात संध्याकाळ होण्याची वाट पाहत राहिलो, आणि गाडी वेळेवर आली.

आमच्यातील चार जण शाकाहारी आहेत, त्यांच्या वतीने स्वतंत्र आभार. आपण इटालियन भाषेत लिहून पाठवलेला मजकूर आम्ही छोट्या कार्डांवर छापून वर प्लास्टिकचे आवरण चढवून घेतला होता. त्या भागातील पियादिना ही भाकरीसारखी दिसणारी पोळी, आणि ती पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत मळतात, हे कोणा पाहुण्याला दिसून कळणार नाही. तॉर्तेल्लिनी या भरलेल्या पास्त्याच्या सारणात मांस असते. पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातील विरजण वापरतात, हे वाचून आमच्यातील दोघींनी ते संपूर्ण प्रवासात खाल्ले नाही आणि आधी सांगितल्याबद्दल त्या आपल्याला दुवा देतात. पण आपण नुसते 'खाऊ नका' असे सांगून थांबला नाहीत. फेराराला लाल भोपळ्याचे सारण भरलेले काप्पेल्लाच्ची लोणी आणि सेजच्या पानांसोबत मागा, असे कार्डावर लिहिलेले होते. किंचित गोड, वर तुपाचा वास सुटावा तसा लोण्याचा वास. आमच्या मावशींना घरच्या भोपळ्याच्या घाऱ्यांची आठवण झाली.

शेवटच्या आठवड्यात रोमहून आम्ही ऑर्व्हिएतोला गेलो. मूळ यादीतल्या डोंगरावरच्या गावांपैकी हे एकच आपण ठेवले होते, कारण स्टेशनसमोरूनच दोरीने ओढली जाणारी रेल्वे थेट वर नेते. वरच्या टोकाजवळच सेंट पॅट्रिकची विहीर आहे. १५२७ मध्ये रोम लुटले गेले तेव्हा पोप सातवे क्लेमेंट या गावी आश्रयाला आले होते आणि वेढा पडला तर पाणी असावे म्हणून त्यांनी ती खोदवली. खाली जाणारा आणि वर येणारा असे दोन गोल जिने एकमेकांना कुठेही न भेटता फिरत जातात, म्हणजे पाणी आणणारी खेचरे समोरासमोर येत नसत. पायऱ्या २४८. अण्णा वर कठड्याशी बसले आणि आम्ही खालून हाक मारल्यावर त्यांनी वरून उत्तर दिले. त्यांनी त्या दिवशी काही गमावले असे त्यांना वाटले नाही, कारण या ठिकाणी तुम्ही वर बसा, असे आपण त्यांना नावानिशी लिहिले होते.

एक गोष्ट राहिली. गाडीत चढण्याचा क्रम आपणच ठरवून दिला होता: आधी दोन धडधाकट माणसे वर, मग हातोहात सगळ्या बॅगा, मग अण्णा, मग बाकीचे, गाडी मधल्या स्टेशनवर दोन-तीन मिनिटेच थांबते. फ्लोरेन्सला निघताना बोलोन्याच्या त्या खोल फलाटावर आपण स्वतः आलात, ऑफिसला उशीर होत असताना. आमच्यातले शेवटचे माणूस वर चढले तेव्हा दार बंद होत होते. काचेतून आपण हाताने विचारलेत, अण्णा बसले का? आम्ही मान हलवली, आणि गाडी सुटली, त्यामुळे निरोप घेणे राहूनच गेले.

दिवाळीत आपण आईंना भेटायला येणार आहात असे कळले. मुंबईहून पंचवटीने या. नाशिकरोडला आम्ही अकराही जण फलाटावर असू, आणि आपली बॅग अण्णाच उतरवणार, असे त्यांनी आत्तापासून सर्वांना बजावून ठेवले आहे.

आपले ऋणी,
नाशिकचे अकरा प्रवासी