विश्वकोशात नवे विषय आणताय, तर ते सांभाळणाराही नेमा

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय, सादर नमस्कार.

मराठी विश्वकोशात नवे विषय यावेत असे सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. पण विषय आणल्यावर तो पुढे कोण सांभाळणार, हे ठरल्याशिवाय नवी ज्ञानमंडळे, म्हणजे एकेका विषयाच्या नोंदी तयार करणारे अभ्यासकांचे गट, जाहीर करू नयेत, एवढ्यासाठी हे पत्र.

कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ साली. खंड वर्णानुक्रमे निघाल्यामुळे नोंदींचे वयही वर्णमालेनेच ठरवले. ‘अ’च्या नोंदी पन्नाशीला टेकल्या, ‘ह’च्या त्या मानाने तरुण. ‘ए’च्या नोंदी छापल्या तेव्हा एड्स हा आजार वैद्यकाला ठाऊकच नव्हता, तो ओळखला गेला १९८१ साली. ‘आनुवंशिकी’ लिहिणाऱ्यांपुढे मानवी जनुकसंचाचा नकाशा नव्हता, ते काम २००३ मध्ये पुरे झाले. यात कोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा किंवा वाईच्या कोश-कार्यालयात बसून नोंदी घासूनपुसून घेणाऱ्या मंडळींचा दोष नाही. छापून झालेल्या खंडात दुरुस्ती करणार कशी?

संगणकावरच्या कोशात ती करता येते. म्हणूनच ज्ञानमंडळांची कल्पना मला मनापासून पटली. एकेक विषय एकेका विद्यापीठाकडे किंवा संस्थेकडे द्यायचा. समन्वयक, लेखक, समीक्षक त्या विषयातलेच. नोंदीला लेखकाचे नाव, सोबत संदर्भ. विद्यार्थ्याने प्रबंधात बिनदिक्कत हवाला द्यावा अशा जागा मराठीत मुळात किती आहेत?

पण समन्वयक निवृत्त झाला, संस्थेचा प्रमुख बदलला, की त्या विषयाला वाली कोण? नवा विषय मंजूर करणाऱ्या कागदावरच याचे उत्तर हवे. नोंदी पुन्हा तपासण्याची मुदत ठरलेली असावी (विज्ञान-तंत्रज्ञानाला ती कमी, संतसाहित्याला जास्त) आणि त्या तपासणीचे मानधन दरवर्षीच्या तरतुदीत वेगळे दाखवलेले असावे. फुकट समीक्षा मागितली की ती फुकटातलीच मिळते, हे विद्यापीठात वावरणाऱ्या कुणालाही विचारा. शिवाय जुन्या खंडांतली नोंद पडद्यावर उघडली की ती कोणत्या सालची, हे पहिल्या नजरेत कळले पाहिजे.

विषय निवडायचे कसे? २०२१ पासून अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी आहे. मराठीतून संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलाला कृत्रिम बुद्धिमत्ता, विदाविज्ञान (डेटा सायन्स), संगणकीय सुरक्षा यांच्या नोंदी लागणार, त्याही पाठ्यपुस्तकाशी जुळणाऱ्या परिभाषेत. हे तर उघडच आहे.

माझा खरा आग्रह आहे तो महाराष्ट्रातल्या आदिवासी भाषांसाठी. मेळघाटातली कोरकू घ्या. ती मुंडा कुळातली. शेजारच्या मराठी-हिंदीशी तिचे कुळाचे नाते नाही आणि द्राविडी गोंडीशीही नाही. कोरकूचे व्याकरण, तिच्यातली वनस्पतींची नावे, तिची गाणी, शेजारच्या भाषांशी झालेली देवघेव यांवर जमातीच्या नोंदीत एखादा परिच्छेद टाकून भागणार नाही. गोंडी, भिली, वारली यांचेही तेच. संगणकशास्त्रावर जगभर लिहिले जाईल. मेळघाटाबद्दल मराठी कोशाने हात आखडला तर दुसरा कुठला कोश सविस्तर लिहायला बसणार आहे? आणि लिहिताना त्या भाषा बोलणारे अभ्यासक लेखक म्हणून हवेत. माहिती पुरवणारे म्हणून त्यांची नावे तळटीपेत ढकलू नका.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात झाली, त्यावर भाषणे भरपूर झाली. आता येत्या अर्थसंकल्पाआधी विभागाने दोन याद्या जाहीर कराव्यात, अशी विनंती आहे. एक नव्या विषयांची, जबाबदार संपादकाच्या नावासह. दुसरी, आधीच्या ज्ञानमंडळांपैकी कोणत्या मंडळाने गेल्या वर्षी किती नोंदी दुरुस्त केल्या त्याची. पहिली यादी लगेच जमली नाही तरी चालेल, दुसरी मात्र आधी द्या.

आपला,
मराठीतून पदव्युत्तर वर्ग शिकवणारा एक प्राध्यापक