निमित्त आणि कारण

प्रिय चिमणे,

हे पत्र तुझ्या इतिहासाच्या वहीत ठेवतोय, कारण ती वही तू रोज उघडतेस. खरं तर घोळ तिथेच आहे, पण त्याबद्दल नंतर.

परवा रात्री मी नको ते बोललो. "एवढे महिने वाचतेयस, मग गुण जातात कुठे?" तू काही न बोलता खोलीचं दार लावून घेतलंस. काल तू घरी नव्हतीस तेव्हा टेबलावरची सरावपरीक्षेची उत्तरपत्रिका मी पहिल्यांदा नीट वाचली. आदल्या दिवशी फक्त वरचा आकडा पाहिला होता. उत्तरपत्रिकेनंतर तुझी वहीही वाचली. न विचारता वाचली, त्याबद्दल हवं तर वेगळं भांडू.

वाचून दोन गोष्टी कळल्या. एक, तुला इतिहास येतो, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त येतो. दुसरी, तरीही बाईंच्या जागी मी असतो तर मीही तेवढेच गुण दिले असते.

तो मोठा प्रश्न आठव. ‘व्हर्सायच्या तहामुळे हिटलर सत्तेवर आला, हे विधान कितपत योग्य आहे?’ तू साडेतीन पानं लिहिली आहेस. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीवर लादलेल्या या तहावर २८ जून १९१९ ला व्हर्सायच्या आरसेमहालात सह्या झाल्या, तिथून सुरुवात. मग युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारं कलम २३१, एक लाख सैनिकांची मर्यादा, १९२१ मध्ये ठरलेली १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई, १९२३ ची महागाई. सगळं बरोबर, सगळं ओळीनं. आणि शेवटी ‘अशा प्रकारे ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सेलर झाला.’ बाईंनी समासात लाल शाईनं एकच शब्द लिहिलाय: ‘कितपत?’

त्या शब्दाकडे मी बराच वेळ बघत बसलो. कारण तुझं उत्तर चुकीचं नव्हतं, ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. ‘व्हर्सायपासून हिटलरपर्यंत काय काय घडलं?’ असा प्रश्न असता तर तुला पैकीच्या पैकी मिळाले असते.

मग मी तुझ्या वहीचं पान ४१ उघडलं. तिथे तू राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, निवडणुकांचा तक्ता काढलायस, छान चौकटी आखून. तोच तक्ता घे आणि त्याला प्रश्न विचारून बघ. मे १९२८ मध्ये नाझी पक्षाला मतं २.६ टक्के, जागा १२. तेव्हा तह होऊन नऊ वर्षं झाली होती. भरपाईचा राग होता, कलम २३१ चा अपमान होता, गेलेल्या प्रदेशांचं दुःख होतं. सगळं होतं, आणि जागा १२! तह हेच एकमेव कारण असेल तर तो नऊ वर्षं झोपला होता का? सप्टेंबर १९३० मध्ये जागा १०७. मधे काय झालं? ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि अमेरिकन कर्जावर सावरलेली जर्मन अर्थव्यवस्था त्याच्याबरोबर खाली आली. १९३२ पर्यंत बेकारांचा आकडा साठ लाखांच्या आसपास गेला. जुलै १९३२ मध्ये मतं ३७.३ टक्के, जागा २३०.

म्हणजे कारण मंदी, असं म्हणून इथेच पेन खाली ठेवावंसं वाटतं. ठेवायचं नाही. मंदी अमेरिकेतही होती, आणि तिथल्या लोकांनी त्याच १९३२ मध्ये रूझवेल्टला निवडून दिलं. सारख्याच संकटात दोन देश दोन दिशांना का गेले, याचं उत्तर शोधायला लागलं की तह मागच्या दारानं परत आत येतो. जर्मनीत लोकशाहीच मुळी पराभवाच्या पोटी जन्मली होती, आणि तहावर सही करणारे म्हणून तिच्या नेत्यांवर पहिल्या दिवसापासून शिक्का बसला होता. राग होताच, मंदीनं त्याला मतदार मिळवून दिले.

आणि मग तुझ्या तक्त्याची शेवटची ओळ, मला सगळ्यात आवडलेली. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींची मतं घटली. ३३.१ टक्क्यांवर आली, चौतीस जागा गेल्या. आणि तीन महिन्यांच्या आत हिटलर चान्सेलर! मतं कमी होत असताना माणूस सत्तेवर येतो म्हणजे त्याला तिथे शेवटी मतांनी नेलेलं नाही. नेलं ते माजी चान्सेलर फॉन पापेननं आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या भोवतालच्या मंडळींनी, याला आपण मुठीत ठेवू या समजुतीत. ती समजूत किती महागात पडली ते तू पुढच्या दोन पानांवर लिहिलंयस.

बघ, यातली एकही माहिती मी बाहेरून आणलेली नाही. सगळी तुझ्याच वहीतली आहे. फक्त ‘कितपत’ या शब्दानं ती पुन्हा लावली. असं लावलं की साडेतीन पानांची गरजही उरत नाही, आणि पहिल्याच परिच्छेदात सांगता येतं: तहामुळे राग साचला, पण तो सत्तेपर्यंत पोचला मंदी आणि वरच्या लोकांच्या सौद्यांमुळे. मग पुढचा प्रत्येक परिच्छेद या वाक्याची बाजू लढवतो किंवा त्याला थोडी मुरड घालतो. परीक्षकाला पहिल्या पानावर तुझं मत दिसलं पाहिजे. शेवटच्या ओळीत ‘अशा प्रकारे’ म्हणून ते उगवता कामा नये.

आता त्या दोन शब्दांबद्दल, जे आपल्या भाषेत आयते आहेत आणि आपण ते उत्तरात वापरत नाही: निमित्त आणि कारण. ‘ताप हे निमित्त झालं’ असं आपण सहज म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की खरं दुखणं दुसरं होतं. प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसनं हेच केलं होतं. इसवीसनपूर्व ४३१ मध्ये सुरू झालेल्या अथेन्स आणि स्पार्टाच्या युद्धाबद्दल लिहिताना त्यानं दोन्ही बाजूंच्या जाहीर तक्रारी वेगळ्या मांडल्या. खरं कारण वेगळं सांगितलं: अथेन्सची वाढती ताकद आणि तिची स्पार्टाला वाटणारी भीती.

पहिल्या महायुद्धाच्या उत्तरात तू सारायेव्होतल्या ऑस्ट्रियन युवराजाच्या हत्येवर अख्खं पान खर्च केलंस. सकाळचा फसलेला बॉम्ब, चुकीच्या रस्त्याला वळलेली गाडी, समोर उभा मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिप. गोष्ट आहेच तशी, लिहिताना हात थांबत नाही. मलाही वाचताना मजा आली. पण ते निमित्त आहे, त्याला चार ओळी पुरतात. हत्या २८ जून १९१४ ची, ऑस्ट्रिया-हंगेरीनं सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला. गुण आहेत ते या मधल्या महिन्यात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीनं ऑस्ट्रियाला दिलेला बिनशर्त पाठिंबा, २३ जुलैचा निर्वाणीचा खलिता, रशियाची जमवाजमव. आणि त्याही मागे करारांचं जाळं, आरमाराची चढाओढ, बाल्कनमधली रस्सीखेच.

आता एवढं वाचून निमित्ताला कचऱ्यात टाकू नकोस. १९०८ मध्ये बोस्नियावरून तणाव झाला, १९११ मध्ये मोरोक्कोवरून झाला, १९१२-१३ मध्ये बाल्कन युद्धं झाली. करार, आरमारं, वैर सगळं तेव्हाही होतं, तरी महायुद्ध पेटलं नाही. मग १९१४ मध्येच का? हा प्रश्न स्वतःहून उत्तरात विचारणाऱ्या मुलीकडे परीक्षक मान वर करून बघतो, असं मला वाटतं. (मी परीक्षक नाही, पण कंटाळलेला वाचक आहे, आणि गठ्ठ्यातली शंभरावी उत्तरपत्रिका वाचणारा माणूस त्याहून वेगळा नसावा.)

साधनांवरच्या प्रश्नात तू लिहिलंस, ‘ही रोजनिशी प्राथमिक साधन असल्यामुळे विश्वसनीय आहे.’ हे वाक्य कुठून तरी पाठ केलेलं आहे, खरं ना? फ्रान्सच्या सोळाव्या लुईची रोजनिशी घे. १४ जुलै १७८९, पॅरिसमधला बॅस्टिलचा तुरुंग पडला, फ्रेंच राज्यक्रांतीतला तो दिवस. राजानं त्या तारखेपुढे लिहिलंय, ‘काही नाही.’ प्राथमिक साधन आहे, त्याच दिवसाचं आहे, खुद्द राजाच्या हातचं आहे. त्यावरून राजाला क्रांतीची फिकीर नव्हती असं ठरवलं की फसलीस. कारण ती रोजनिशी मुख्यतः शिकारीची नोंदवही होती. ‘काही नाही’ म्हणजे त्या दिवशी शिकार झाली नाही. मग ते साधन निरुपयोगी का? तसंही नाही. बॅस्टिलबद्दल राजाला काय वाटलं हे त्यातून कळणार नाही, पण रोज न चुकता काय नोंदवावं असं त्याला वाटत होतं, हे त्याहून चांगलं कुठे कळेल? साधन विश्वसनीय आहे की नाही हे एकट्या साधनावरून ठरत नाही, आपण त्याला काय विचारतोय त्यावरही ठरतं. त्यामुळे उतारा समोर आला की आधी बघायचं: कुणी लिहिलं, कुणासाठी, कशापायी. आणि काय गाळलं असेल.

आता वही रोज उघडण्याबद्दल. तू वाचतेस, पिवळ्या पेननं रंगवतेस, पुन्हा वाचतेस. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असा आपला समज होतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे स्वतःबद्दल जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाही.

म्हणून वही मिट. कोरा कागद घे, जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न घे, आणि पाच मिनिटांत फक्त आराखडा लिही: माझं मत एका वाक्यात, तीन मुद्दे, प्रत्येकाला एक ठोस पुरावा, आणि एक विरोधी मुद्दा. पूर्ण निबंध आठवड्यातून एकच लिही, तोही घड्याळ लावून चाळीस मिनिटांत. असे आराखडे मात्र रोज दोन कर. कुठला पुरावा आठवत नाही ते कळलं की मगच वही उघडायची, तेवढ्यापुरती.

सनावळ्यांची भीती तुला जास्त आहे, पण त्या कमी लागतात. थोड्या घट्ट बसव, बाकीच्या त्यांच्या आधारानं उभ्या राहतात. सारायेव्होची हत्या आणि व्हर्सायची सही, दोन्ही २८ जूनच्या, मधे बरोबर पाच वर्षं. ज्या आरसेमहालात जर्मनीनं मान खाली घालून सही केली, तिथेच १८ जानेवारी १८७१ ला जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की ती तारीख पाठ करावी लागत नाही, आणि फ्रेंचांनी तीच जागा का निवडली हेही वेगळं सांगावं लागत नाही. रशियाची ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये का, हे विचारशील तर रशियाच्या तेरा दिवस मागे असलेल्या जुन्या कॅलेंडरची गोष्ट आहे, तुझ्या वहीत बरोबर आहे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझ्याच वयाचा असताना मला प्रश्न आला होता, नेपोलियननं फ्रेंच राज्यक्रांती पुढे नेली की संपवली? मी कॉर्सिकात जन्मापासून सेंट हेलेनावर मरणापर्यंत अख्खा नेपोलियन लिहिला. पुरवण्या घेतल्या. १८०४ ची नागरी संहिता एका पारड्यात आणि १८०२ मध्ये वसाहतींत पुन्हा आणलेली गुलामगिरी दुसऱ्या पारड्यात ठेवावी, हे डोक्यातच आलं नाही, दोन्ही माहीत असून. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, मस्त गेला पेपर. निकालानंतर कुणाशी काही बोललो नाही.

परवाच्या माझ्या रागाला तुझे गुण हे निमित्त झाले, चिमणे. कारण हे आहे.

आज रात्री वेळ असेल तर वही माझ्या हातात दे आणि मला वायमार प्रजासत्ताक, म्हणजे हिटलरच्या आधीची ती जर्मन लोकशाही, समजावून सांग, वही न बघता. मला त्यातलं फारसं येत नाही, त्यामुळे मी ‘पण का?’ असं फार वेळा विचारीन. वैतागू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. पान ४१ वर नोव्हेंबर १९३२ च्या जागा तू १६९ लिहिल्या आहेस. १९६ हव्यात.