पीटीच्या सरांना, रस्सीखेचीबद्दल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

माझा दुसरीतला मुलगा रस्सीखेचीला घाबरतो हे ऐकून तुम्ही हसला नाहीत, म्हणून हे पत्र.

‘स्क्विड गेम’ ही कोरियन मालिका मोठ्यांसाठीची. आमच्या घरी ती कुणी लावलेली नव्हती. पण 26 डिसेंबर 2024 ला तिचा दुसरा सीझन आला, पहिल्यातली दृश्यंही पुन्हा फोनवर फिरायला लागली आणि व्हॅनमधल्या मोठ्या मुलांनी त्याला ती दाखवली. 2021 च्या सरकारी नियमांमुळे ओटीटीवरच्या मालिकांना वयोगट लिहावा लागतो, 13+ आणि त्यापुढच्यांना पालकांसाठी लॉकही द्यावं लागतं. लोकांनी परस्पर टाकलेल्या क्लिपांना कुठलं लॉक? त्यात गोट्या आणि रस्सीखेच हे आपल्याच मैदानातले खेळ. तिथे रस्सीखेचीत हरलेला अख्खा संघ उंचावरून कोसळून मरतो. एवढ्या लहान पोराने त्यातलं खरं-खोटं कसं निवडायचं?

‘ते खोटं असतं’ एवढ्याने त्याचं समाधान होत नव्हतं. क्रीडा महोत्सव तोंडावर आला होता आणि सकाळी त्याचं पोट दुखायचं.

तुम्ही त्याला बाजूला बसवून आधी सगळं बोलू दिलंत. हरल्यावर तिथे काय होतं, हे त्याने त्याच्या शब्दांत सांगितलं. मध्येच थांबवलं नाहीत, कुणी दाखवलं हेही विचारलं नाहीत. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण त्या प्रश्नावर मुलं गप्प होतात. मग ती माणसं नट आहेत, शूटिंग संपल्यावर घरी जाऊन जेवतात, हे सांगितलंत. दोर हातात दिलात, फक्कीची रेघ दाखवलीत, हरलेल्यांना जिंकणारे हात देऊन उठवतात हेही दाखवलंत. पहिल्या दिवशी त्याला फक्त शिट्टी वाजवायला दिलीत. दोर कधी धरायचा, हे त्याचं त्याने ठरवलं.

संध्याकाळी फोन करून हे सगळं आम्हाला सांगितलंत, त्यामुळे घरीही तसंच बोलता आलं. आता असं काही पाहिलं की तो आपणहून येऊन सांगतो.

सर, मनापासून आभार. एक विनंती आहे. वर्गातल्या आणखी काही पालकांनी मला हेच विचारलं. पुढच्या पालकसभेत तुम्ही यावर थोडा वेळ बोलाल का? मुख्याध्यापक बाईंना मी विचारून ठेवते.

आपली,
दुसरीतल्या एका मुलाची आई