मंत्रीसाहेब, औषधानेच त्रास झाला तर सांगायचं कुणाला?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
साहेब, नमस्कार.

आमच्या आप्पांना जुना दमा आहे. पंप घेतात आणि रात्री थिओफायलिनची गोळी. मागच्या पावसाळ्यात लघवीला जळजळ होत होती म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही अँटिबायोटिक गोळी लिहून दिली, आधीची फाईल त्यांनी मागितली नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीही नेली नव्हती. तिसऱ्या दिवशी उलट्या, हात थरथरतायत, छाती धडधडतेय, आम्हाला वाटलं अ‍ॅटॅकच आला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मॅडमनी पिशवीतल्या सगळ्या स्ट्रिप टेबलावर ओतायला लावल्या आणि बघताक्षणी ओळखलं, सिप्रोमुळे थिओफायलिन शरीराबाहेर लवकर पडत नाही, रक्तात वाढत जातं. वाचले आप्पा.

पण याची नोंद कुठे झाली? कुठेच नाही. आणि गंमत बघा, सोय आहे. २०१० पासून देशात फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम, म्हणजे औषधांच्या त्रासाची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम आहे, गाझियाबादहून चालतो, १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे, पेशंटने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतसुद्धा आहे! आमच्या मेडिकलवाल्याला विचारलं तर तो म्हणे असलं काही नसतं.

शेजारच्या काकूंचं वेगळंच. स्टेरॉइडच्या पंपाने तोंडात पांढरं आलं म्हणून त्यांनी पंपच सोडला. पंप मारल्यावर खळखळून चूळ भरायची एवढंच कुणी सांगितलं असतं तर भागलं असतं. मॉन्टेलुकास्ट या दमा-अ‍ॅलर्जीच्या गोळीवर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध खात्याने, मार्च २०२० मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, मूड बिघडणं, वाईट स्वप्नं, आत्महत्येचे विचार वगैरे, आणि आपल्याकडे साध्या सर्दीलाही पोरांना ती गोळी मिळते, आईबापाला कुणी काही सांगत नाही. टीबीवाल्यांचं तर विचारूच नका, साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर लिनेझोलिड ही गोळी देतात, तिने पायाला मुंग्या येतात आणि माणूस गुपचूप गोळ्या बंद करतो.

तर मागणी मोठी नाहीये साहेब. तो नंबर मराठीत, ठळक, प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर आणि पीएचसीत लावा. आशाताई घरी येतात तेव्हा गोळ्या घेतल्या का एवढंच नको, त्रास काय होतोय तेही विचारू द्या, आणि हो, त्या जादा कामाचे पैसे त्यांना वेळेवर द्या.

आप्पांचा फॉर्म मी परवा भरायला घेतला. गोळी कधी सुरू केली, कधी बंद केली असं विचारलंय. आईने कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलं होतं म्हणून तारीख सापडली.

आपला,
एका दमेकऱ्याचा मुलगा