भाताच्या जुन्या वाणांतील नत्राची जनुके

महोदय,

लावणीनंतर युरियाचा हप्ता द्यावा आणि त्याच रात्री मुसळधार पावसाने खाचराची मेर फोडून सारे खत वहाळात न्यावे, हे आम्हा कोकणातील शेतकऱ्यांना नित्याचे झाले आहे. चार दिवसांनी पाहावे तर पाने तशीच पिवळी. म्हणूनच, युरियातून मिळालेला नत्र (नायट्रोजन) रोप किती काटकसरीने वापरते हे बऱ्याच अंशी जनुकांवर अवलंबून असते, ही बाब मला फार मोलाची वाटते. नत्र मिळताच फुटवे वाढण्यास साहाय्य करणारे ‘टीसीपी-१९’ या जनुकाचे एक रूप रानभातात विपुल आढळते, परंतु नत्रसमृद्ध जमिनींतील आधुनिक वाणांतून ते बव्हंशी गळून गेले आहे, असे चिनी शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. आमच्या जांभ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या वालय, मुणगा, पटणी या वाणांत ते शिल्लक आहे का (नसेलही, पण पाहिल्याशिवाय कसे कळणार?), याची तपासणी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांच्याच खाचरांत, कमी खतावर करावी आणि निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत. आईने कणगीत राखलेले पायलीभर मुणग्याचे बियाणे त्यासाठी मी आनंदाने देईन.

– एक भातशेतकरी, गुहागर (जि. रत्नागिरी)