आधी रस्त्यावरचे पार्किंग मोजा, मग वाहनतळ बांधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गर्दीच्या वस्त्यांमधल्या पार्किंगवर आपल्या दैनिकात सध्या बरीच पत्रे येत आहेत. बहुतेकांचे म्हणणे असे की जागा अपुऱ्या आहेत, महापालिकेने वाहनतळ बांधावेत आणि रस्त्यावरचे पार्किंग मात्र फुकटच ठेवावे. जागा मिळत नाही हे खरेच आहे. पण या दोन मागण्या एकदम मान्य केल्या, तर वाहनतळ रिकामा पडतो आणि रस्ता तुंबलेलाच राहतो. हे नीट मांडावे म्हणून लिहिते आहे.

मी बाजाराला लागून असलेल्या रस्त्यावर राहते. खाली दुकाने, दवाखाना, दोन-तीन कचेऱ्या. सकाळी बाजार सुरू व्हायच्या आतच रस्त्याची कड भरलेली असते, आणि ती खरेदीला आलेल्यांच्या गाड्यांनी भरत नाही. शटर उघडायच्या आधी मालकाची गाडी दुकानाच्या दारात लागते, मग कामगारांच्या दुचाक्या, मग कचेरीतल्या लोकांच्या गाड्या. त्या संध्याकाळी हलतात, काही तर शटर पडल्यावरच. एक-दोन गाड्या महिनोन्‌महिने तिथेच आहेत. त्यांच्या काचेवरच्या धुळीत पोरे बोटाने नावे लिहून जातात आणि ती नावे पुढच्या आठवड्यातही वाचता येतात.

ज्यांचे काम अर्ध्या तासाचे, ते त्यानंतर येतात. दवाखान्यासमोर गाडी थांबते, मागून हॉर्न सुरू होतात. मुलगा वडिलांना कसेबसे उतरवतो, पायरीवर टेकवतो आणि जागा शोधायला निघून जातो. तो परत येईपर्यंत तो आजारी माणूस तिथे एकटा बसून असतो. समोरच्या जागेत सकाळपासून न हललेली गाडी उभी असते. हे बघून फार संताप येतो. ज्याला जागेची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही, कारण जो आधी आला त्याला ती दिवसभरासाठी फुकट मिळाली आहे.

म्हणून मला वाटते, आपल्याकडे कमतरता आहे ती ऐन वेळी रिकामी सापडणाऱ्या जागेची, आणि ती नुसते बांधकाम करून मिळत नाही.

ही तक्रार नवी नाही. जगातला पहिला पार्किंग मीटर (नाणे टाकले की ठरावीक वेळ गाडी उभी करू देणारे यंत्र) १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत लागला. तिथल्या व्यापाऱ्यांचे दुखणे हेच होते: नोकरीला येणाऱ्यांच्या गाड्या दिवसभर दुकानांपुढे उभ्या आणि गिऱ्हाइकाला जागा नाही. मीटरची कल्पना पुढे रेटणारे कार्ल मगी हे वृत्तपत्राचे संपादक होते, हे आपल्याला मुद्दाम सांगावेसे वाटते. मीटरमागचा हेतू गाड्या हलत्या ठेवण्याचा होता. पालिकेला मिळणारे उत्पन्न त्याच्या ओघाने आले.

जागा शोधत फिरणाऱ्या गाड्यांचे नुकसान कुणी मोजतच नाही. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी लॉस एंजेलिसमध्ये आपल्या विद्यापीठाजवळच्या, जेमतेम पंधरा चौकांच्या एका बाजारपेठेत ते मोजले. एका गाडीला जागा मिळायला सरासरी फक्त ३.३ मिनिटे लागत होती. म्हटले तर काहीच नाही. पण सगळ्यांच्या चकरांची वर्षाची बेरीज झाली सुमारे १५ लाख किलोमीटर! एवढे इंधन आणि एवढा धूर, आणि कुणी कुठे पोचले नाही. रस्त्यावरची जागा बाजूच्या वाहनतळापेक्षा फार स्वस्त असेल, तर माणूस चकरा मारणारच. त्यात त्याचा दोष नाही.

बहुमजली वाहनतळाचे गणित इथेच चुकते. गाडीला उभे राहायला साधारण बारा-तेरा चौरस मीटर लागतात, पण वाहनतळात चढण, वळण आणि मधली वाट धरली तर एका गाडीमागे पंचवीस-तीस चौरस मीटर जातात. एवढा खर्च करून इमारत उभी करायची, तिथे पावती फाडायची आणि खालचा रस्ता फुकट ठेवायचा. मग वरच्या मजल्यावर गाडी नेणार कोण? दर नेमके उलटे हवेत: दुकानाच्या दारातली जागा सर्वांत महाग, वाहनतळ त्याहून स्वस्त आणि दोन गल्ल्या पलीकडचा रस्ता सर्वांत स्वस्त.

दर किती असावा, यावर वाद घालत बसण्याचीही गरज नाही. शूप यांचा हिशेब सोपा आहे. रस्त्यावरच्या साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या आणि बाकीच्या मोकळ्या राहतील एवढाच दर ठेवायचा, म्हणजे सात-आठ जागांमागे एखादी कायम रिकामी सापडते. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून याच धर्तीवर प्रयोग केला. कोणत्या रस्त्यावर कोणत्या वेळी किती जागा भरतात ते मोजले, जिथे गर्दी तिथे दर थोडा वाढवला, जिथे जागा पडून तिथे कमी केला. प्रयोगाच्या काळात तिथला सरासरी दर वाढण्याऐवजी किंचित खाली आला. दर लावणे म्हणजे लोकांचे खिसे कापणे, असे सरसकट समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

‘मग गरिबाने गाडी लावायचीच नाही का?’ हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. नळदुरुस्तीवाला, घरी येणारी परिचारिका, माल उतरवणारा टेम्पो यांना कामाच्या दाराशीच थांबावे लागते. आज त्यांनाच दुहेरी रांगेत गाडी लावून दंड भरावा लागतो किंवा गाडी उचलून नेलेली बघावी लागते. पहिला अर्धा तास नाममात्र दरात आणि त्यानंतर चढता दर, अशी सोय केली तर थोडा वेळ थांबणाऱ्याला ते परवडते, दिवसभर जागा अडवणाऱ्याला परवडत नाही. अपंगांसाठी दारालगतची जागा राखीव हवी आणि तिच्यावर पहारा हवा, नुसती पाटी नको. दुचाक्यांसाठी वेगळ्या रेघा आखाव्यात, कारण एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाक्या सहज मावतात. शिवाय ज्यांच्याकडे वाहनच नाही ते सगळे आज फूटपाथवर चढवलेल्या गाड्यांमधून वाट काढत रस्त्यावरून चालतात. फुकट पार्किंगची झळ त्यांनाही बसते, आणि त्यांची पत्रे आपल्याकडे फारशी येत नाहीत.

रहिवाशांची अडचण वेगळी. आम्हाला जागा लागते रात्री, आणि रात्री कचेऱ्या, बँका, शाळांची आवारे कुलूप लावून रिकामी असतात. महापालिकेने पुढाकार घेऊन रात्री आठ ते सकाळी आठ अशा मासिक पासवर ती आवारे उघडून घ्यावीत. रखवालदाराचा पगार पासाच्या पैशांतून निघेल. एक वीटही न रचता जागा मिळतील. आवार खराब होईल, अशी भीती मालकांना वाटते आणि ती खोटी नाही, म्हणून करार लेखी हवा आणि वेळेत गाडी न काढणाऱ्याचा पास रद्द व्हायला हवा. जपानमध्ये मोटार घेण्याआधी ती ठेवायला स्वतःची जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्याचा कायदा १९६२ सालचा आहे. आपण एकदम तिथवर जाऊ शकणार नाही, पण घरात दुसरी-तिसरी मोटार आणणाऱ्याला ती कुठे ठेवणार हे विचारायला काय हरकत आहे?

लोकांचा खरा राग दरावर नसतो, पैसे कुठे जातात यावर असतो. तो राग मलाही आहे. वसुली ठेकेदाराकडे गेली की पाटीवर एक दर, तोंडी दुसरा, आणि पावती मागितली तर हुज्जत. हे बंद झाल्याशिवाय कुणी आनंदाने पैसे देणार नाही. कॅलिफोर्नियातल्या पासाडिना शहराने १९९३ मध्ये जुन्या बाजारपेठेत मीटर लावले, तेव्हा व्यापाऱ्यांचा आधी विरोधच होता. मीटरचे पैसे त्याच रस्त्यांवर खर्च होतील असे ठरल्यावर तो मावळला. त्यातून फूटपाथ दुरुस्त झाले, दिवे आले, झाडे लागली. आपल्याकडेही प्रत्येक रस्त्याचा जमाखर्च त्याच रस्त्यावर फलकावर लावावा. आलेल्या पैशांतून कोणता फूटपाथ दुरुस्त झाला हे दिसले, तर पावती फाडायला माझ्यासारखे अनेक जण तयार होतील.

हे सगळे करण्याआधी मोजणी हवी. गाड्यांचे शेवटचे चार आकडे दर तासाला लिहून काढले, तरी कोणती गाडी किती वेळ उभी राहते हे एका दिवसात कळते. त्याला यंत्रणा लागत नाही, वही-पेन्सिल पुरते. माझी आपल्या दैनिकाला विनंती आहे की एखाद्या गर्दीच्या रस्त्यावर आपले वार्ताहर सकाळी, दुपारी आणि रात्री उभे करावेत, अशी मोजणी करावी आणि वाहनतळाचा प्रस्ताव महापालिकेच्या सभेत येण्याआधी ती छापावी. माझ्या रस्त्यावर आलात तर मोजायला मीही येईन.

आपली,
बाजारपेठेत राहणारी एक वाचक